कॉपी शिलाई मशीन ओळखा, मगच पार्ट घ्या: टॉवेल आणि युनिफॉर्म युनिटसाठी पायरी-पायरीने

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मोठ्या शेडपासून गल्लीतल्या चार मशिनांच्या युनिटपर्यंत सोलापुरात एक तक्रार सतत ऐकू येते: ‘नवा पार्ट टाकला आणि मशीन होतं त्याहून बिघडलं.’ टाका सुटतो, दोरा तुटतो, सुई प्लेटवर आपटते. मग पार्ट डुप्लिकेट होता असं ठरतं, दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला जातो आणि तोही तसाच वागतो. बऱ्याच वेळा पार्टात काहीच खोट नसते. तो दुसऱ्या जातीच्या मशिनचा असतो, एवढंच.

आपल्याकडे सिंगल नीडल लॉकस्टिच (एका सुईच्या, साध्या सरळ टाक्याच्या) मशिनांत ज्यूकी या जपानी कंपनीच्या डीडीएल-५५५० आणि डीडीएल-८७०० या दोन घडणींच्या नकला भरपूर चालतात. नाव निराळं, रंग निराळा, पण आतली मांडणी तीच. त्यामुळे ‘८७०० चा पार्ट द्या’ म्हटलं की काम होईल असं वाटतं. पण ८७०० ही एकच गोष्ट नाही. हलक्या कापडाची, मध्यम कापडाची आणि जाड कापडाची अशा तीन जाती आहेत. दोरा कापणारी आणि न कापणारी असे दोन प्रकार आहेत. शिवाय बेल्टवर चालणारी, डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट जोडलेली) आणि कोरड्या हेडची (टेबलावरच्या मुख्य भागात तेलाची भरलेली टाकी नसलेली) असे फरक आहेतच. कंपनीचं नाव यातलं काहीच सांगत नाही. कुठला पार्ट बसेल हे मापं सांगतात, आणि ती घेण्याचा एक क्रम आहे. तो मोडला की पुढची सगळी मापं फसवतात.

## १. तयारी: आधी साफसफाई, मग ओळख

मेन स्विच बंद करा आणि प्लग काढून ठेवा. क्लच मोटर असेल तर स्विच बंद केल्यावरही चाक काही काळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबू द्या. सर्वो किंवा डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर कंट्रोल बॉक्समध्ये थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून काही मिनिटं थांबूनच हात घाला.

मग प्रेशर फूट (कापड दाबणारा पाय), नीडल प्लेट (सुईखालची भोकाची पट्टी) आणि खालचा दाता (कापड पुढे सरकवणारा दातेरी पार्ट) काढून ब्रशने आतला सगळा फज, म्हणजे कापडाची रुई, बाहेर काढा. टेरी टॉवेलवर चालणाऱ्या मशिनमध्ये प्लेटखाली तेल आणि रुई मिळून नमद्यासारखा थर बसतो. त्याखाली कोरलेली अक्षरं दिसत नाहीत, दाता पुरता खाली जात नाही, आणि मग ‘दाता छोटा आहे’ असा खोटा निष्कर्ष निघतो. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका. फज हुकच्या (प्लेटखाली फिरून सुईचा दोरा पकडणाऱ्या पार्टच्या) खोबणीत आणखी खोल जातो.

जवळ ठेवायची हत्यारं: व्हर्नियर कॅलिपर (डिजिटल असला तर उत्तम), स्क्रूच्या आट्या मोजायचा पिच गेज, १.६ ते २.८ मि.मी.च्या ड्रिल बिट, भिंग, मोबाइल, झाकणाच्या छोट्या डब्या आणि वही. ड्रिल बिट भोक पाडायला नाहीत, त्यांच्या गुळगुळीत मागच्या टोकाने प्लेटचं भोक मोजायचं आहे.

सावध: जुना पार्ट नवा बसेपर्यंत फेकू नका. झिजलेला, तुटलेला असला तरी ओळखीचा सगळ्यात पक्का पुरावा तोच असतो.

## २. मशिनची पाटी वाचा, पण तिच्यावर थांबू नका

हेडवरच्या पाटीवर मॉडेल आणि त्यापुढे एखादं अक्षर किंवा आकडा असतो. ज्यूकीच्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे हलकं कापड, अक्षर नसेल किंवा ‘एस’ असेल तर मध्यम आणि ‘एच’ म्हणजे जाड. शेवटी ‘-७’ असेल तर दोरा कापायची सोय आहे. नक्कल करणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी ‘एच’ तसाच ठेवला आहे, पण बाकीच्या अक्षरांचा भरवसा नाही. ‘डी’, ‘डी३’, ‘डी४’ यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. एका पाटीवरचा अर्थ दुसऱ्या पाटीला लावू नका.

दुसरी अडचण जुन्या मशिनांची आहे. सेकंडहँड हेड अनेक हातांतून गेलेलं असतं. पाटीवर ‘एच’ नाही, पण आधीच्या मालकाने टॉवेलसाठी जाड सेट बसवलेला आहे, हे सर्रास दिसतं. उलटही दिसतं. पाटी मशिनचा जन्म सांगते, तिची आजची अवस्था सांगत नाही.

म्हणून पाटीचा फोटो घ्या आणि डोळ्यांनी या गोष्टी बघून वहीत लिहा:

- मोटर टेबलाखाली आहे आणि बेल्ट वर येतो, की मोटर हेडच्या मागच्या टोकाला थेट बसवलेली आहे?
- हेड मागे कलंडवल्यावर खाली तेलाची टाकी भरलेली दिसते, की कोरडी किंवा अर्धकोरडी रचना आहे?
- प्लेटखाली हुकजवळ चाकू आणि तो ओढणारी कळ आहे का?
- टाक्याची लांबी डायलवर जास्तीत जास्त किती आहे? ८७०० च्या घडणीत मध्यम मशिनला ४ मि.मी. आणि एच मशिनला ५ मि.मी. असते. डायल सहसा कोणी बदलत नाही, म्हणून ही खूण पाटीपेक्षा विश्वासाची.

## ३. पहिलं माप सुईचं

सुई चुकली तर पुढचं हुकचं, प्लेटचं, उंचीचं सगळंच चुकतं. म्हणून सुरुवात इथून.

या मशिनांत डीबी×१ पद्धतीची सुई लागते. पाकिटावर तिलाच १६×२३१, १६×२५७ किंवा १७३८ असंही लिहिलेलं असतं. ही एकाच सुईची नावं आहेत. तिचा जाड दांडा १.६२ मि.मी.चा असतो. डीपी×५ ही दुसरी सुई (१३४ किंवा १३५×५) लांबीला जवळजवळ तेवढीच, पण दांडा २ मि.मी.चा. काही हेडवर नीडल बारच (सुई धरणारी उभी दांडी) डीपी×५ चा बसवलेला असतो, विशेषतः जाड कामाच्या. तिथे डीबी×१ घातली तर स्क्रू आवळल्यावर ती बसल्यासारखी वाटते, पण एका बाजूला सरकून तिरकी उभी राहते. हुकपासूनचं अंतर बिघडतं, टाके सुटतात, आणि बिचारा हुक बदलला जातो.

तपासणी: सध्याची सुई काढून दांड्याचा व्यास कॅलिपरने मोजा. मग नीडल बारच्या भोकात तीच सुई सैल ठेवून हलवून पाहा. बाजूला हेलकावत असेल तर बार जाड दांड्याच्या सुईचा आहे.

घरगुती मशिनची, दांड्याला एका बाजूने सपाट असलेली सुई इथे चालत नाही. घाईच्या दिवसांत कुणीतरी ती घालतंच, म्हणून डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता सुईचा नंबर. १४ नंबर म्हणजे पात्याची जाडी ०.९ मि.मी., १६ म्हणजे १.०, १८ म्हणजे १.१ आणि २१ म्हणजे १.३. ज्यूकीच्या ८७०० ला ९ ते १८ आणि ८७००एच ला २० ते २३ नंबरच्या सुया धरलेल्या आहेत. शाळेच्या शर्टाचं कापड आणि टॉवेलची दुमडलेली कड यांना एकच नंबर लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. नंबर बदलला की हुकचं अंतरही बदलतं, याकडे मात्र लक्ष जात नाही. त्याचा हिशेब पाचव्या टप्प्यात आहे.

## ४. प्लेट, दाता आणि फूट: हा एक सेट आहे, तीन पार्ट नाहीत

पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

कॉपी मशिनांत प्लेटच्या स्क्रूंची भोकं एकमेकांशी जुळतात. म्हणजे हलक्या कापडाची प्लेट जाड मशिनवर आरामात बसते. दाताही तसाच आपल्या जागी बसतो, फूटही. बसतात म्हणून लोक एकेक पार्ट सुटा आणतात. पण या तिघांची मापं एकमेकांवर अवलंबून असतात.

प्लेटचं भोक. सुई ज्या भोकातून जाते त्यात ड्रिल बिटचं गुळगुळीत टोक घालून पाहा. १.८ जातं आणि २.० जात नाही, तर भोक १.८ चं. अनेक प्लेटांवर बी१८, ई२०, एच२४ अशी खूण कोरलेली असते. अक्षर सेटचा प्रकार सांगतं आणि आकडा बहुतेक वेळा भोकाचं माप: १८ म्हणजे १.८ मि.मी. तरी बिट घालून खात्री करा, कारण जुन्या प्लेटचं भोक सुई लागून लागून मोठं झालेलं असतं.

भोक सुईच्या मानाने फार मोठं असेल तर पातळ कापड सुईबरोबर खाली ओढलं जातं, दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाका सुटतो. पॉप्लिनच्या शर्टावर सुरकुत्या येतात त्याचं एक कारण हे आहे. भोक फार लहान असेल तर जाड दोरा कडेला घासून विरतो, आणि टॉवेलच्या दुमडीवर सुई थोडी वाकली की थेट लोखंडावर आदळते.

दात्याचे दात. भिंगाने पाहा. बारीक, जवळजवळ दात पातळ कापडासाठी. मोठे, खोल, दूरदूरचे दात जाड कापडासाठी. दोन दातांमधलं अंतर थेट मोजायला जाऊ नका, दहा दातांची लांबी मोजून दहाने भागा. मग ओळी मोजा. दात्याच्या ओळी तीन किंवा चार असतात, आणि प्लेटमधल्या खाचा तेवढ्याच आणि तेवढ्याच रुंद हव्यात. खाच एका केसाने अरुंद असली तरी दाता प्लेटला घासतो. तो आवाज धाग्याच्या कुरकुरीसारखा असतो आणि कामाच्या गोंगाटात ऐकू येत नाही.

दात्याची उंची. दाता सगळ्यात वर असताना प्लेटच्या पृष्ठभागापासून किती वर येतो ते कॅलिपरच्या खोलीमापक पट्टीने मोजा. मध्यम मशिनला सुमारे ०.८ मि.मी., एच मशिनला सुमारे १.२ मि.मी. टॉवेलवर ०.८ ठेवला तर लूपमध्ये दात बुडतात आणि कापड सरकतच नाही. कारागीर मग कापड मागून हाताने ओढते, सुई वाकते, मोडते. सुईचा तुकडा डोळ्याच्या दिशेने उडतो. उंची नीट नसलेलं मशीन नगावर काम करणाऱ्या बाईला देणं मला सर्वथा चुकीचं वाटतं.

उलट, शर्टाच्या कापडाखाली १.२ चा दाता आणि मोठे दात ठेवले तर खालच्या बाजूला दातांचे वळ उमटतात. गडद निळ्या किंवा मरून युनिफॉर्मवर ते इस्त्रीनेही जात नाहीत.

फूट. फुटाची सुईची खाच प्लेटच्या भोकाच्या सरळ रेषेत आणि साधारण तितकीच रुंद असावी. तळ दात्याच्या सगळ्या ओळी झाकेल इतका हवा. चार ओळींच्या दात्यावर अरुंद फूट लावलं की कडेच्या ओळी नुसत्या हवेत चालतात.

सावध: प्लेट तुटली तर निदान दात्याची अवस्था पाहूनच नवी घ्या. दात्याचे माथे चमकायला लागले असतील, नखाला टोचत नसतील, तर दोन्ही एकाच खुणेचे एकत्र घ्या. सेटची किंमत जास्त वाटते, पण एका दिवसाचा खराब माल त्याहून महाग पडतो.

एकाच मशिनवर कधी टॉवेल आणि कधी शर्ट घ्यावे लागत असतील तर दोन पूर्ण सेट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि बदलताना सेट म्हणूनच बदला, सुईसकट.

## ५. हुक: भोक, प्रकार आणि अंतर

हुक हा सगळ्यात महाग पार्ट आणि सगळ्यात उगाच बदलला जाणारा. कुणी त्याला शटलही म्हणतं.

पहिलं, शाफ्टचं भोक. या घडणीच्या हुकचं भोक ७.९४ मि.मी. असतं, म्हणजे पाव इंचाहून थोडं जास्त, ५/१६ इंच. हुकच्या नावातला ७.९४ हा आकडा तोच. दुसऱ्या मापाच्या भोकाचे हुकही बाजारात आहेत आणि दिसायला हुबेहूब सारखे असतात. भोक मोठं असेल तर स्क्रू आवळल्यावर हुक एका बाजूला बसतो आणि फिरताना डुलतो. लहान असेल तर ठोकून बसवायचा मोह होतो. ठोकलात तर शाफ्ट गेला.

दुसरं, दोरा कापणारा की साधा. ७.९४ए साध्या मशिनचा, ७.९४बीटीआर कटरच्या मशिनचा. कटरच्या हुकची ठेवण चाकूला वाट मिळेल अशी असते. साधा हुक कटरच्या मशिनवर चढतो, शिवतोही, पण दोरा कापताना चाकू चुकीच्या जागी दोरा पकडतो आणि पुढच्या शिवणीचा पहिला टाका निसटतो. या एका लक्षणावरून कटरची मोटर, कळ, सर्किट सगळं तपासलं जातं आणि हुककडे कुणी पाहत नाही.

तिसरं, तेलाचा की कोरड्या हेडचा. कोरड्या रचनेच्या हेडमध्ये हुककडे तेल जवळजवळ पोचत नाही, म्हणून तिथले हुक तशाच खास कामासाठी बनवलेले असतात. साधा हुक तिथे लावला तर तो तापतो, धरतो आणि जाम होतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये शेडचं तापमान चाळिशीच्या वर असताना हे आणखी लवकर घडतं.

आता तिसऱ्या टप्प्यात राहिलेला हिशेब. हुकचं टोक सुईच्या मागून जाताना दोघांत ०.०४ ते ०.१ मि.मी. अंतर लागतं. कागदाच्या जाडीइतकं किंवा त्याहून कमी. १४ नंबरच्या सुईची निम्मी जाडी ०.४५ मि.मी., २१ ची ०.६५. म्हणजे सुई बदलली की मधला ०.२ मि.मी. इकडे-तिकडे होतो. सुईच्या मागे घेतलेल्या खाचेमुळे प्रत्यक्ष फरक इतका सरळ नसतो, पण मूळ अंतरच ०.१ च्या आत असल्यामुळे तो थोडाही पुरेसा असतो. जाडीवरून बारीक सुईवर आलात तर अंतर वाढून टाके सुटतात. बारकीवरून जाडीवर गेलात तर हुकचं टोक सुईला लागतं, टोकावर खरखरीत ओरखडा पडतो आणि मग प्रत्येक दोरा तिथे कापला जातो.

तपासणी: दोरा वारंवार तुटत असेल तर हुक बदलण्याआधी त्याच्या टोकावरून नायलॉनचा जुना मोजा हलकेच फिरवा. धागा अडकला तर टोकावर ओरखडा आहे. तो बारीक पॉलिश पेपरने घालवता येतो. अंतर पुन्हा लावलं की तोच हुक चालू लागतो.

## ६. बॉबिन आणि बॉबिन केस

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. कटर असलेल्या मशिनला आत पातळ स्प्रिंग असलेली बॉबिन केस आणि ॲल्युमिनियमची बॉबिन लागते, कारण दोरा कापताना मशीन झटकन थांबतं आणि जड लोखंडी बॉबिन फिरतच राहून आत गुंता करते. साध्या मशिनला स्प्रिंगची गरज नाही. एकाच युनिटमध्ये दोन्ही प्रकार असतील तर बॉबिनचे रंग किंवा डबे वेगळे ठेवा, नाहीतर आठवड्यात सगळं एकत्र होतं.

बॉबिन केस हुकमध्ये घातल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन कडी बसली पाहिजे. अर्धवट बसली तर सुई पहिल्याच फेरीत तिच्यावर येते.

## ७. स्क्रू: दिसतो सारखा, आटे वेगळे

ज्यूकी घडणीचे पुष्कळ स्क्रू इंची आट्यांचे असतात: ९/६४ इंच ४० आट्यांचे, ११/६४ इंच ४० आट्यांचे असे. काही कॉपी मशिनांत मात्र काही ठिकाणी मेट्रिक स्क्रू असतात. घोटाळा होतो तो जवळजवळ सारख्या मापांमुळे. ९/६४ म्हणजे ३.५७ मि.मी.; शेजारी ३.५ मि.मी.चा मेट्रिक स्क्रू ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. तो दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की दात्याच्या बारचे किंवा बेडचे आटे कायमचे जातात, आणि तो दुरुस्तीचा खर्च पार्टच्या कित्येक पट असतो.

ज्यूकीच्या पार्ट नंबरात ‘एसएस’ने सुरू होणारे स्क्रू इंची आणि ‘एसएम’ने सुरू होणारे मेट्रिक, हे लक्षात ठेवलं तर दुकानात उपयोग होतो. कॉपीच्या स्क्रूला मात्र पिच गेजच लावा.

नियम: प्रत्येक स्क्रू आधी बोटांनी फिरवा. चार फेरे बोटांनी गेला तरच पान्याला हात लावा.

## ८. मोटर आणि कंट्रोल बॉक्स

प्लग बसतो म्हणून कंट्रोल बॉक्स चालतो असं नाही. तारांचा क्रम, सुईची जागा ओळखणारा सेन्सर आणि आतला प्रोग्रॅम हे तिन्ही जुळावे लागतात. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या मोटरला ‘लावून बघू’ म्हणून जोडू नका. दोन्ही जळू शकतात. बॉक्स, मोटर आणि पॅनेल यांच्या तिन्ही लेबलांचे फोटो घ्या आणि त्याच जोडीचा मागा. क्लच मोटर काढून टेबलाखाली बेल्टची सर्वो मोटर लावायची असेल तर मात्र कॉपी-ओरिजिनलचा प्रश्न येत नाही. फक्त पुलीचं माप आणि फिरायची दिशा पाहावी लागते.

## ९. दुकानात काय न्यायचं, काय विचारायचं

आता माप पक्कं आहे. वहीतला एक कागद असा असावा: मॉडेल जसं पाटीवर आहे तसं, सुईची पद्धत आणि नंबर, प्लेटच्या भोकाचं माप आणि खूण, दात्याच्या ओळी आणि दहा दातांची लांबी, हुकच्या भोकाचं माप, कटर आहे की नाही, हेड तेलाचं की कोरडं. सोबत जुना पार्ट आणि पाटीचा फोटो.

‘८७०० चा दाता आहे का?’ असं विचारू नका. ‘मध्यम मशीन, कटर नाही, ई२० प्लेटशी जुळणारा तीन ओळींचा दाता’ असं मागा. दुकानदार जाणकार असेल तर त्याचंही काम सोपं होतं. काउंटरवरच नवी प्लेट आणि नवा दाता एकमेकांत घालून पाहा. दाता खाचांतून चारही बाजूंना सारखी फट ठेवून वर यायला हवा. हुकच्या भोकात तुमच्याच जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा कॅलिपर घालून पाहा. पाकीट फोडलं म्हणून दुकानदार कुरकुरला तरी चालेल, मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

कारागिराच्या हाती फक्त ‘हे आण’ म्हणून चिठ्ठी पाठवायची पद्धत सोडा. जूनच्या शाळा सुरू व्हायच्या आधीच्या गर्दीत बहुतेक चुकीचे पार्ट असेच येतात. युनिफॉर्मच्या हंगामाआधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, प्रत्येक मशिनचा हा कागद तयार करून ठेवा.

## १०. बसवण्याचा क्रम

पार्ट योग्य असूनही क्रम चुकला तर तो चुकीचाच वाटतो. दाता आणि प्लेट आधी बसवून मग हुकशी झगडणं ही नेहमीची चूक आहे. तिथे ना नीट दिसतं, ना पाना जातो.

१. नवी, सरळ सुई घाला. दांडा वरपर्यंत टेकला पाहिजे. लांब खाच तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे हुकच्या विरुद्ध बाजूला.

२. चाक हाताने फिरवून सुई सगळ्यात खाली आणा. डीबी×१ सुईसाठी नीडल बारवरची वरची पहिली रेघ खालच्या बुशिंगच्या (बार ज्यातून खाली उतरतो त्या नळीच्या) तोंडाशी आली पाहिजे. येत असेल तर उंचीला हात लावू नका.

३. चाक नेहमीच्या दिशेने फिरवत सुई वर येऊ द्या. दुसरी रेघ बुशिंगच्या तोंडाशी आली की तिथे थांबा. हुकचं टोक बरोबर सुईच्या मध्यावर, मागच्या खाचेत हवं. हुक त्या जागी आणा, अंतर ०.०४ ते ०.१ मध्ये ठेवा, आणि स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकच स्क्रू पुरता आवळलात तर हुक सरकतो.

४. हुकच्या आतला भाग अडवून धरणारी पट्टी परत लावा. ती खाचेत नीट बसली पाहिजे, पण दोऱ्याला तिच्याजवळून सहज वाट राहिली पाहिजे. ही पट्टी विसरून मशीन चालू केलं तर आतला भाग गरागरा फिरतो आणि सुई मोडते.

५. आता दाता, मग प्लेट. प्लेटचे स्क्रू सैल असतानाच सुई हाताने खाली आणा आणि ती भोकाच्या मधोमध जाते का पाहा. मग आवळा.

६. दात्याची उंची मोजा. टायमिंगही पाहा: दाता खाली जाताना त्याचा माथा प्लेटशी सपाट होईल, त्याच वेळी सुईच्या नाक्याचं वरचं टोक प्लेटच्या पृष्ठभागाशी आलं पाहिजे.

७. फूट लावा. ते खाली ठेवून चाक पूर्ण दहा फेरे हाताने फिरवा. कुठेही अडकणं, घासणं, ‘टिक’ आवाज आला तर मोटर चालू करू नका. पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा.

सावध: नवा हुक पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने पळवू नका. मशिनची क्षमता मिनिटाला ५,००० टाक्यांच्या वर असली तरी सुरुवातीचे काही आठवडे ४,००० च्या आत ठेवा.

## ११. चाचणी

आधी तेल. प्लेटखालचा हुक उघडा ठेवून, मशीन रिकामं चालवत, कागदाची पट्टी हुकच्या खाली थोडं अंतर ठेवून पाच सेकंद धरा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. थेंबांचे डाग पडले तर तेल जास्त आहे आणि ते पांढऱ्या टॉवेलवर उतरेल. काहीच उमटलं नाही तर हुक कोरडा चालतो आहे. हात, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या जवळ येऊ देऊ नका. ही तपासणी सवयीच्या माणसानेच करावी.

मग ज्या मालावर मशीन चालणार आहे त्याच मालाचा तुकडा घ्या. टॉवेलच्या मशिनची चाचणी रुमालावर करून काहीच कळत नाही. टॉवेलची कड दुमडून, जिथे बाजूची किनार आणि टोकाची दुमड एकत्र येऊन सगळ्यात जाड थर होतो, त्या कोपऱ्यावरून शिवा. युनिफॉर्मसाठी दुपदरी कॉलर आणि खांद्याचा जोड. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगाने.

कोपऱ्यावरच टाका सुटत असेल तर आधी सुईचा नंबर आणि मग दात्याची उंची पाहा. सरळ शिवणीत अधूनमधून सुटत असेल तर हुकचं अंतर. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील तर पार्टाला दोष देऊ नका, वरचं टेन्शन सैल आहे किंवा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. कटर असेल तर वीस-पंचवीस वेळा कापून पाहा. प्रत्येक वेळी पुढचा पहिला टाका लागलाच पाहिजे.

सगळं बरोबर निघालं की त्या मशिनच्या कागदावर बसवलेल्या सेटची खूण, हुकचा प्रकार आणि तारीख लिहा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवा, आणि नवीन मिस्त्री आला की त्याच्या हातात पाना द्यायच्या आधी तो कागद द्या.